सतरा मार्चचं पान

आमच्या ह्यांना पुढचं काही विचारायचं नाही, हे मी लग्नाच्या पहिल्याच वर्षी शिकले. "उद्या ऊन पडेल का हो, गाद्या वाळत टाकू का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "पुढचं मला कळत नाही. झालेलं विचार." आता झालेलं घेऊन मी काय करू, गाद्यांना वाचून दाखवू? सगळी हयात हवामान केंद्रात नोकरी केली या माणसानं, पण बायकोला एकदा तोंड उघडून सांगितलं नाही की आज छत्री घेऊन जा.

ह्यांचं नाव अनंतराव. घेतलं बाई नाव, या वयात आता उखाणा सुचायची वाट कोण बघत बसणार? शहराच्या कडेला एक शेतकी फार्म होता, त्याच्या कोपऱ्यात तारेच्या कुंपणात ते केंद्र. एक पांढरी लाकडी पेटी, तिला चारी बाजूंनी झरोके, आत पारा. बाजूला जमिनीत रोवलेलं पाऊस मोजायचं भांडं. झालं, संपलं केंद्र. पण रोज सकाळी साडेआठला हे तिथं हजर. दसरा नाही, दिवाळी नाही, अंगात ताप असला तरी सायकलवर टांग. थोरल्याचं बारसं सकाळी ठेवलं म्हणून मलाच म्हणाले, "साडेआठ सोडून दुसरी वेळ मिळाली नाही का तुम्हा लोकांना?" पोराच्या कानात नाव सांगत होते तेव्हा बाप तिकडं पारा वाचत होता.

ते केंद्र सुरू झालं पोलीस ॲक्शननंतर दोन-चार वर्षांनी. सुरुवातीची पानं उर्दू आकड्यांत लिहिलेली, कारण तेव्हाच्या कारकुनांचा हात त्याच आकड्यांना बसलेला. ह्यांचं लहानपणीचं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूत झालेलं, त्यामुळं ती पानं वाचणारे फार्मावर शेवटी हे एकटेच उरले. रिटायर व्हायच्या आधी रोज काम संपल्यावर थांबून ह्यांनी ती सगळी नोंद स्वतःच्या हातानं उतरवून घरी आणली. आणि कशी? वर्षावार नाही, तारखेवार. एक तारीख, एक पान. त्या तारखेला पहिल्या वर्षापासून शेवटपर्यंत ऊन किती, थंडी किती, पाऊस किती. मी म्हटलं, लोक रिटायर झाल्यावर काशीला जातात, तुम्ही खुशाल एक जानेवारीला जा.

औरंगपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत ही गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. कुणाला कुरडया घालायच्या असत, कुणाला गच्चीला चुना लावायचा असे. लोक यायचे. "काका, ह्या तारखेला काय असतं हो दरसाल?" हे पान काढायचे, चष्मा कपाळावरून नाकावर आणायचे आणि सांगायचे. वर बजावायचे, "मी जोशी नाही. झालं ते सांगितलं, पुढचं तुमचं तुम्ही बघा." लोक मान डोलवायचे आणि बाहेर पडल्यावर एकमेकांना सांगायचे की काकांनी हमी दिली. माणसाला पाहिजे तेवढंच ऐकू येतं, त्याला कोण काय करणार?

सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक म्हणजे रामकिसन. आमच्यापासून चार घरं सोडून राहायचा. मूळचा गंगापूरकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. भावांनी जमीन कसली आणि हा बांबू, कापड आणि खुर्च्या घेऊन शहरात मांडववाला झाला. ह्यांच्याहून लहान, ह्यांना साहेब म्हणायचा. त्याची बायको चतुराबाई गोदाम सांभाळायची. कुठली खुर्ची कुठल्या लग्नात गेली, कुठल्या पातेल्याचं झाकण कोण विसरलं, सगळं त्या बाईला तोंडपाठ. लग्नसराईच्या तारखा ठरल्या की रामकिसन यायचा, हे पानं उलटायचे, आणि त्याप्रमाणं कुठं नुसतं कापड लावायचं आणि कुठं वर ताडपत्री टाकायची ते तो ठरवायचा. वर्षानुवर्षं असं चाललं होतं आणि एकदाही फजिती झाली नव्हती.

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण सगळं रामायण तिच्यापायी झालं. सकाळी साडेआठला भांड्यातलं पाणी मोजतात, ते कालच्या सकाळपासून आजच्या सकाळपर्यंत पडलेलं असतं. आणि ते लिहितात आजच्या तारखेसमोर. म्हणजे सोळा तारखेला संध्याकाळी पाऊस आला तर कागदावर तो सतराला येतो. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी म्हटलं, हा कुठला कारभार? ओले झालो काल आणि नोंद आज? तर म्हणाले, "पद्धत आहे तशी. ज्याला कळतं तो एक तारीख पुढं बघतो." त्यांना तर ते विचारही न करता जमायचं. कुणी संध्याकाळचं विचारलं की बोट आपोआप पुढच्या पानावर जायचं.

त्या दिवशी गेलं नाही.

रामकिसनबरोबर काकासाहेब म्हणून गंगापूरचे एक बडे बागाईतदार आले होते. त्यांच्या मुलीचं लग्न, सोळा मार्च, गोरज मुहूर्त, बायपासच्या पलीकडं मोकळ्या मैदानात. मुलाकडचे वाळूजला नोकरीला असलेले लोक, सगळ्यांना सोयीचं म्हणून लग्न शहरात. काकासाहेब खुर्चीत बसले आणि म्हणाले, "साहेब, रेडिओवर आमचा इश्वास नाय. रामकिसन म्हणला, तुमचं पान म्हंजी काळ्या दगडावरची रेघ." झालं! आमचे हे असे खुलले म्हणता! जन्मात कुणी एवढं म्हटलं नव्हतं. ऑफिसात पारा वाचणाऱ्याला कोण विचारतो? माझ्याकडं वळून म्हणाले, "भानू, चहा जरा आल्याचा कर." मग पान काढलं आणि पन्नासेक वर्षं एका दमात मोठ्यानं वाचली. कोरडं, कोरडं, कोरडं. उर्दू आकड्यांची वर्षं कुठली तेही दाखवलं. काकासाहेब वाहवा करायलेत, रामकिसन छाती पुढं काढून बसलाय, जणू पाऊस त्यानंच अडवला होता. आणि हे पान मिटून म्हणाले, "सोळा मार्चला या गावात थेंब पडलेला नाही." पानाच्या पाठीवरच सतरा मार्च होता. पान उलटायचं होतं, बाकी काही नाही.

चार दिवसांनी नळावर चतुराबाईंनी ह्यांना गाठलं. हे बादली लावून उभे होते, मी दारात होते. चतुराबाई म्हणाल्या, "दादा, सोयगावचा एक व्यापारी मिरच्या वाळत घालायला समद्या ताडपत्र्या मागायलाय. देऊ का? सोळाला आमचं ते मोठं लगीन हाय म्हून इच्यारते." हे म्हणाले, "खुशाल द्या. सोळाला थेंब नाही." आणि बादली उचलून घरात आले. ताडपत्र्या सोयगावला गेल्या.

लग्नाला आम्ही दोघं गेलो होतो. मांडव म्हणजे काय सांगू, पांढऱ्या-गुलाबी कापडाच्या चुण्याच चुण्या. काकासाहेबांनी ह्यांना पुढच्या रांगेत बसवलं. ऊन उतरायला लागलं आणि दौलताबादच्या अंगानं एक काळं उठलं. मी म्हटलं, असेल कुठंतरी. ह्यांच्याकडं बघितलं तर चेहऱ्यावर रक्त नाही. माझा हात धरला आणि म्हणाले, "भानू, मी सतरा पाहिलीच नाही."

मला आधी काही कळेना. म्हटलं, सतरा काय? तोवर हे उठले आणि रामकिसनला शोधत मांडवाच्या मागं धावले. पण वारा त्यांच्या आधी पोचला. धूळ, मग टपोरे थेंब, मग गारा. वाजंत्री थांबली. बायकांनी पोरांना पदराखाली घेतलं, नवरीला कुणीतरी टेबलाखाली बसवलं. कापडात पाणी आणि गारा साचून मांडवाला जागोजागी पोटं सुटली. खाली दीडएकशे बायका-पोरं. रामकिसन ओरडला, "सरका समदे कडंला!" आणि कोयता दातात धरून बांबूवर चढला. एक पोट फाडलं, पाणी धबाधबा खाली आलं. दुसरं फाडलं. तिसऱ्याला सगळी चौकटच कलली आणि तो वरून बाकड्यावर पडला.

माणसं वाचली, कुणाला खरचटलंसुद्धा नाही. लग्न पुढं एका शाळेच्या व्हरांड्यात लागलं. रामकिसनच्या मांडीचं हाड मात्र असं मोडलं की दोनदा ऑपरेशन करूनही पाय सरळ झाला नाही. मांडवावर चढणारा माणूस, दोन काठ्यांवर आला. धंदा दोन वर्षांत आटला. मुलगा फकिरा बांबू विकून बजाजनगरला राहायला गेला आणि कंपनीत लागला. गोदामात आता कुणाचं तरी झेरॉक्सचं दुकान आहे.

आणि गंमत बघा, ह्यांना कुणी एक शब्द बोललं नाही. दवाखान्यात काकासाहेब स्वतः ह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साहेब, पन्नास वर्षांत झालं नाय ते आमच्याच टायमाला झालं. आमचं नशीब. तुमी काय करणार?" रामकिसन खाटेवरून म्हणाला, "निसर्गाम्होरं कुणाचं चालतंय?" जो भेटेल तो निसर्ग, निसर्ग. हे खाली मान घालून ऐकायचे. घरी आल्यावर त्यांनी मला पानाची पाठ दाखवली. सतरा मार्चला तीन वेगवेगळ्या वर्षी पाऊस होता, आणि एका वर्षी तर शेवटच्या रकान्यात ह्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं, काल सायंकाळी गारा. मला म्हणाले, "हे पुढचं नव्हतं, भानू. झालेलं होतं. मला एवढंच तर येत होतं."

मी काय म्हटलं? मी दोन्ही म्हटलं. एक दिवस म्हणायची, "सांगून टाका एकदाचं आणि मोकळे व्हा." दुसऱ्या दिवशी म्हणायची, "सांगून काय त्याचा पाय सरळ होणारे? गप्प बसा." हे दोन्ही दिवशी मान हलवायचे आणि दोन्ही करायचे नाहीत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं झालं. रस्त्यात कुणी नुसतं "काय गरम होतंय" म्हटलं तरी हे दचकायचे. लोकांना तारखा सांगणं बंद. कुणी विचारायला आलं की आतून मला ओरडायचे, "सांग, मी झोपलोय." लग्नाला जाणं बंद. गोडाचं जेवण कुणाकडं असलं तर पोट बिघडायचं. सोळा मार्चला उपास धरायचे. मी म्हटलं, "हा कुठल्या देवाचा उपास? पंचांगात तर नाही." मला राग यायचा हो. एकदा रागानं मी म्हटलंच, "ढगाला कुणी जामीन राहतं का? एक चूक झाली, त्यात मेलं कुणी नाही, आता किती दिवस सुतक पाळणार?" तर म्हणाले, "तो कोयता घेऊन बांबूपाशी गेला तेव्हा मी तिथंच उभा होतो. तो माझ्याकडं बघून हसला. म्हणाला, साहेब, तुमी बाजूला व्हा, भिजाल."

आणि दर रविवारी रामकिसनकडं जायचे. पाऊस असो, ऊन असो. डझनभर केळी आणि पेपर घेऊन जायचे. त्याला मोठ्यानं पेपर वाचून दाखवायचे, पायाला तेल लावून द्यायचे. ब्राह्मण माणूस आपल्या पायाला हात लावतो म्हणून सुरुवातीला रामकिसन पाय ओढून घ्यायचा. मग सवय झाली. गल्लीत कौतुक झालं. रामकिसन येईल त्याला सांगायचा, "सख्खा भाऊ गंगापुराहून वर्साला एकदा येतो, आन् आमचे साहेब रविवार चुकवत नाहीत." ते कौतुक कानावर आलं की आमचे हे रात्री जेवायचे नाहीत. मी ताट वाढून बसायची आणि आमटी गार व्हायची. मग मी पण उपाशी. त्या एका पानानं दोन माणसांची जेवणं घालवली, ती काही नोंदीत येत नाहीत.

वर्षं गेली. गावाचं नाव बदलून संभाजीनगर झालं, माझ्या तोंडी अजून औरंगाबादच येतं. ह्यांचे गुडघे गेले, तेव्हापासून रविवारी मी हाताला धरून नेते. गेल्या माघात असाच एक रविवार होता. आम्ही गेलो तर रामकिसन नवा सदरा घालून बसलेला. फकिरा आणि त्याची बायको पोरांना घेऊन बजाजनगरहून आलेले, फकिरा काहीतरी आणायला बाजारात गेला होता, सून आत स्वयंपाकघरात. चतुराबाईंनी आमच्या हातावर पेढा ठेवला. नातीचं लग्न ठरलं होतं.

रामकिसन म्हणाला, "साहेब, लई वर्सं झाली तुमी पान काढलं नाय. आता आपल्या घरचं कार्य हाय. अकरा मार्च, सांजचा टाईम. फकिरा म्हणतोय हॉल घ्या. मी म्हणलं, मांडववाल्याच्या नातीचं लगीन हॉलात? मांडवच घालायचा, आन् साहेबांना इच्यारूनच घालायचा. एक डाव दगा झाला म्हून काय झालं? ती निसर्गाची गोष्ट. तुमचं पान कवा चुकलं नाय."

ह्यांनी पेढा हातात तसाच धरला होता. मला वाटलं, नेहमीसारखं पोट बिघडल्याचं सांगून उठतील. मी चपला पायात सरकवायला पण घेतल्या. तर हे म्हणाले, "रामकिसन, अकराच्या संध्याकाळचं विचारलंस तर बारा तारखेचं पान बघावं लागतं."

"बगा की मग. बारा तर बारा."

"सोळाचं विचारलं होतंस तेव्हा सतरा बघायला पाहिजे होती. मी बघितली नाही."

रामकिसन हसत होता, तो तसाच राहिला. ह्यांनी मग सगळं सांगितलं. सकाळचं साडेआठ, भांडं, आजचा पाऊस उद्याच्या तारखेला कसा जातो. मास्तरासारखं सांगत होते. सांगितलं की काकासाहेबांनी वाहवा केली तेव्हा डोक्यात हवा गेली आणि पान उलटलं नाही. "निसर्गानं काही केलं नाही रामकिसन. तो तीनदा तसाच वागला होता. मीच लिहून ठेवलं होतं. तुझा पाय माझ्यामुळं गेला. आणि मी इतकी वर्षं तुझ्या तोंडून निसर्ग, निसर्ग ऐकून घेतलं. मला लाज वाटते."

रामकिसननं मोडक्या मांडीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "म्हंजी ते कागदात व्हतं?"

"होतं."

"आन् तुमाला त्याच सांजंला कळलं व्हतं?"

"ढग दिसला तेव्हाच."

त्यानं काठी उचलून बाजूला ठेवली, परत उचलली. "मंग दर रविवारी येत व्हता, ते कामून? माझ्यासाठी का त्या पानासाठी?"

मला तिथं वाटलं, देवा, आता यांनी खोटं बोलावं. चांगलं, सरळ, धडधडीत खोटं. एवढ्या वर्षांची मैत्री आहे, एक खोटं काय जड आहे? पण आमचे हे! खाली बघून म्हणाले, "आधी पानासाठी. मग कधीतरी तुझ्यासाठी यायला लागलो. कधी ते मला सांगता येणार नाही."

रामकिसननं तोंड भिंतीकडं केलं. "दैवानं मारलं म्हून म्या कुणावर राग धरला नाय," तो म्हणाला. "आता ह्या वयात तुमच्यावर धरू व्हय? तेवढा दम तरी हाय का आता?" मला ह्यांचाच संताप आला. वाटलं, स्वतःचं ओझं उतरवायला हा माणूस आला आणि त्या पांगळ्याच्या डोक्यावर ठेवून मोकळा झाला. सुखानं जगत होता बिचारा, त्याचं तेवढंही ठेवलं नाही. मी ह्यांचा दंड धरला आणि म्हटलं, "चला उठा, पुरे झालं."

तेव्हा चतुराबाई बोलल्या. त्या इतका वेळ दाराला टेकून उभ्या होत्या, हातात पेढ्याचा पुडा तसाच.

"थांबा वहिनी. दादा, म्या नळावर इच्यारलं व्हतं तुमाला."

"हो," हे म्हणाले. "विचारलं होतं."

"तुमी काय म्हणला व्हता?"

"खुशाल द्या म्हटलं होतं."

चतुराबाईंनी पुडा खाली ठेवला. "आमच्या घरात मला काय म्हणत्यात म्हायतीय का? हावरी. मिरच्यावाल्याच्या भाड्यापायी नवऱ्याचा पाय घालवला म्हणत्यात. आधी आमच्या ह्यांनी म्हणलं, मग फकिरानं म्हणलं. सून आली तर पहिल्याच म्हैन्यात तिला बी कळलं. परवा नातीनं तोंडावर म्हणलं, आज्जे, तू लग्नाच्या सामानाला हात लावू नको. म्या सांगायची, अहो, दादांना इच्यारून दिल्या व्हत्या. तर मलाच गप करायचे. म्हणायचे, साहेबांनी काय आभाळाचा ठेका घेतला व्हता का? त्यांचं पान बरूबर व्हतं. हाव तुझी."

माझं तोंड जन्मात कधी बंद पडलं नाही. त्या दिवशी पडलं. चार घरांवर राहते मी. या बाईबरोबर रोज नळावर उभी राहिले, पापड लाटले, हिच्या हातचं लोणचं खाल्लं. दर रविवारी हे तिच्याच हातचा चहा पिऊन यायचे. आम्ही दोघं घरात बसून ह्यांच्या अपराधाचा विचार करत होतो, उपास करत होतो, आणि शिक्षा भोगत होती ही. ह्यांच्या हातातला पेढा पार चुरगळून गेला होता. शेवटी म्हणाले, "वहिनी, मला हे माहीत नव्हतं."

"तुमी इच्यारलं कुठं?" चतुराबाई म्हणाल्या. रागानं नाही म्हणाल्या. रागानं म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं.

रामकिसन अजून भिंतीकडंच बघत होता. चतुराबाई त्याच्याकडं गेल्या नाहीत, रडल्या पण नाहीत. त्यांनी पदर खोचला आणि आत हाक मारली, "सूनबाई, गॅस बंद कर आन् भाईर ये. पोरीला बी आण."

सून हात पुसत आली, मागं लग्न ठरलेली मोठी नात. काय झालंय ते त्यांना कळेना. चतुराबाईंनी ह्यांच्यासमोर खुर्ची ओढली आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा ह्यांच्यासमोर बसल्या.

"हं, दादा. आता परत सांगा. पहिल्यापासून सांगा, नळावरचं पण सांगा." मग नवऱ्याच्या पाठीकडं एकदा बघून म्हणाल्या, "आन् जरा मोठ्यानं सांगा."